पट्टी नॉर्मल आली, तरी गोळी सोडू नका

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वस्त्यांत आम्ही रक्तदाब तपासायला बसतो, तेव्हा एक तक्रार हमखास कानावर येते. कुणी म्हणते काळीज फडफडतं. कुणी म्हणते पाण्याचा हंडा घेऊन चार पायऱ्या चढले की ठोके धावत सुटतात. पुरुष आपणहून सांगत नाहीत, त्यांच्याकडून ते काढून घ्यावं लागतं. यातल्या बऱ्याच जणींना रक्त कमी असतं, कुणाला थायरॉईड असतो, कुणाला घरातली काळजी. पण काहींच्या मनगटावर बोटं ठेवली की लागणारी नाडी वेगळीच असते. दोन ठोके जवळजवळ, मग मोकळी जागा, मग तीन घाईघाईने, मग पुन्हा थांबा. ढोलकीवाल्याला ठेकाच सापडू नये, तसं.

डॉक्टरांच्या कागदावर या आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन असं असतं. थोडक्यात एएफ. आपल्या हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. उजवीकडच्या वरच्या कप्प्यात विजेची बारीकशी ठिणगी तयार होते. ती आधी वरचे कप्पे आवळते, मग खालचे. एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने, जन्मभर. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत एका ठिणगीऐवजी मिनिटाला 350 हून जास्त ठिणग्या वेड्यावाकड्या फिरू लागतात. कप्पा आवळला जात नाही, नुसता थरथरत राहतो. खालच्या कप्प्यांना त्यातल्या जमतील तेवढ्या ठिणग्या पोचतात, म्हणून नाडी कशीही लागते.

धडधड त्रासदायक असते, पण खरा धोका धडधडीचा नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटली आणि मेंदूकडे गेली, की धडधाकट माणसाच्या अंगावरून वारं जातं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावातल्या लोकांचा कित्येक वर्षं पाठपुरावा करून 1978 साली डॉक्टरांनी याचा हिशेब मांडला. एएफ असणाऱ्याला पक्षाघाताचा धोका इतरांच्या पाचपटीहून जास्त निघाला. आणि एएफबरोबर लहानपणच्या संधिवाती तापाने खराब झालेली झडप असेल, तर सतरापटीहून जास्त.

हा आजार येतो आणि जातो. सुरुवातीला काही तास राहतो आणि आपोआप थांबतो. पुढे थांबेनासा होतो, तेव्हा डॉक्टर औषधाने किंवा छातीवर विजेचा हलका झटका देऊन ठोके ताळ्यावर आणतात. (शॉक म्हटलं की आपल्याकडे वेड्यांच्या इस्पितळाची आठवण काढतात. हा तो नव्हे. थोडी गुंगी देतात आणि क्षणात काम होतं.) मग ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो. माणूस आनंदाने घरी येतो, घरातले देवाचे किंवा डॉक्टरांचे आभार मानतात, ज्याची जशी श्रद्धा, आणि महिन्याभरात गोळ्या बंद होतात. "पट्टी नॉर्मल आली, आता कशाला?" हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर एकदा नीट लिहायचं ठरवलं.

पट्टीवरचे चौकोन

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचं चित्र. ते स्पष्ट काढण्याची युक्ती नेदरलँड्समधल्या विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधली, आणि 1924 साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं यंत्र दोन खोल्या व्यापायचं आणि चालवायला पाच माणसं लागायची. रुग्णाला हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे, कारण खाऱ्या पाण्यातून वीज चांगली जाते. आज तेच काम चिकटपट्ट्या आणि जेली करतात आणि यंत्र एका हातात मावतं.

ईसीजीचा कागद हाती आला की त्यावरचे गुलाबी चौकोन पाहा. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकतो. म्हणजे एक बारीक चौकोन 0.04 सेकंदाचा आणि पाच बारीक चौकोनांचा एक मोठा 0.2 सेकंदाचा. प्रत्येक ठोक्याची रेघ तीन भागांत उमटते. आधी एक छोटा उंचवटा, मग उंच टोकदार सुळका, मग एक पसरट टेकडी. पहिला छोटा उंचवटा वरच्या कप्प्यांचा. त्याला पी लहर म्हणतात. सुळका खालच्या कप्प्यांचा. एएफ सुरू असताना तो पहिला उंचवटा गायब होतो, त्या जागी बारीक थरथर दिसते, आणि सुळक्यांमधलं अंतर दरवेळी वेगळं असतं. डॉक्टर हे एका नजरेत ओळखतात.

आता मुद्द्याची गोष्ट. ठोके ताळ्यावर आल्यावर तो छोटा उंचवटा परत येतो. पण तो कसा परत आला आहे, यावरून आजार पुन्हा येण्याची शक्यता किती याचा अंदाज बांधता येतो. निरोगी माणसाची पी लहर तीन बारीक चौकोनांत, म्हणजे 0.12 सेकंदात आटोपते. ती त्याहून रुंद असेल तर वीज वरच्या कप्प्यांतून रेंगाळत जाते आहे असा अर्थ. एका टेकाडाऐवजी दोन जोडटेकाडं दिसली, तर डावा वरचा कप्पा ताणला गेला असण्याची शक्यता. छातीवरच्या पहिल्या पट्टीच्या रेघेत, जिला व्ही-1 म्हणतात, लहरीचा शेवट खोल खाली गेला असेल तर तीच शंका. मधूनच वरच्या कप्प्याचे अवेळी ठोके पडत असतील, तर ठिणगी टाकणारी जागा अजून शांत झालेली नाही. याच्या जोडीला डॉक्टर सोनोग्राफीसारखी इको तपासणी करून कप्प्याचं माप घेतात. मोठ्या माणसात ते साधारण 4 सेंटीमीटरपर्यंत असतं. त्याहून जितकं वाढलेलं, तितका आजार परत येण्याचा धोका अधिक.

कप्पा ताणला की आजार का परततो, याचं उत्तर शेळ्यांनी दिलं. 1995 साली नेदरलँड्समध्येच शेळ्यांच्या हृदयात यंत्राने मुद्दाम एएफ सुरू केलं गेलं. पहिल्यांदा ते काही सेकंदांत आपोआप थांबायचं. यंत्राने ते पुन्हा पुन्हा चालू ठेवलं, तसा थांबायला लागणारा वेळ वाढत गेला, आणि एक-दोन आठवड्यांत बहुतेक शेळ्यांत ते दिवसभर थांबेनासं झालं. म्हणजे आजार स्वतःच स्वतःची वाट मळतो. पायवाटेवरून जितकं जास्त चालावं तितकी ती पक्की होते, तसं. म्हणून पाच वर्षं एएफ असलेल्या माणसापेक्षा दोन महिन्यांच्या रुग्णाचे ठोके ताळ्यावर राहण्याची आशा जास्त असते, आणि म्हणून "बघू गणपतीनंतर" हे वाक्य महाग पडतं.

कुणी म्हणेल, हे तर भविष्य सांगणं झालं. 1956 साली बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर हात दाखवत फिरणं आपल्या समाजाला शोभत नाही, हे आम्हीही मानतो. पण हा अंदाज पावसाच्या अंदाजाच्या जातीचा आहे. मोजलेल्या गोष्टींवरून बांधलेला, चुकू शकणारा, आणि चुकला तर सुधारता येणारा. रुंद लहर असलेल्या प्रत्येकाला एएफ परत येत नाही. अरुंद लहर असलेल्याला येणारच नाही असंही नाही. पट्टी साधारण दहा सेकंदांची असते आणि दिवसात 86,400 सेकंद असतात. उरलेल्या वेळात काय झालं ते ती सांगत नाही. डॉक्टर त्यासाठी कमरेला डबी बांधून 24 तास ठोके टिपतात, त्याला होल्टर म्हणतात. लिहून दिला असेल तर तो टाळू नका.

आपला आजार वेगळा आहे

अमेरिका-युरोपात एएफ बहुतेक म्हाताऱ्या माणसांचा आजार. आपल्याकडे तसं नाही. भारतातल्या 24 रुग्णालयांतल्या 1,537 एएफ रुग्णांची नोंद 2011-12 साली करण्यात आली. त्यांचं सरासरी वय 55 वर्षांच्या आसपास होतं, निम्म्याहून थोड्या अधिक बायका होत्या, आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांत कारण होतं संधिवाती तापाने खराब झालेली झडप. हा ताप येतो घशाच्या एका जंतुसंसर्गानंतर, बहुतेक 5 ते 15 वर्षं वयात. एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात तिथे तो जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. घसा दुखला, ताप आला, हळद-दूध दिलं, मूल शाळेत गेलं. सांधे सुजले तेव्हाही "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून दिलं. झडप मात्र आतून जाड होत राहिली आणि पंचविशी-तिशीत बाळंतपणाच्या वेळी दम लागून उघडी पडली. याला आम्ही फक्त जंतूचा आजार म्हणत नाही. जागा, पाणी आणि हवा कुणाच्या वाट्याला किती आली, याचाही हा आजार आहे.

अशाच रुग्णांवर मुंबईत झालेला एक अभ्यास आपल्या फार कामाचा आहे. डॉ. अमित व्होरा, डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2004 साली प्रसिद्ध केला. झडपेच्या आजारामुळे एएफ झालेले 144 रुग्ण, सरासरी वय चाळिशीच्याही आतलं. एका गटाचे ठोके ताळ्यावर आणण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्यात नुसता वेग आवरला. पहिल्या गटातल्या दहापैकी आठांहून अधिक जणांचे ठोके ताळ्यावर आले. इथपर्यंत आनंदच. पण वर्षअखेर ताळ्यावर राहिले ते जेमतेम निम्मे. ज्यांना अमियोडॅरोन ही गोळी चालू होती त्यांच्यात सुमारे 69 टक्के टिकले, ज्यांना नुसती साखरेची गोळी होती त्यांच्यात सुमारे 36 टक्के.

हे आकडे आम्ही वस्तीत सांगतो तेव्हा कुणीतरी म्हणतं, मग गोळी घेऊनही तिघांतल्या एकाला आजार परत येतोच ना? हो, येतो. परत येणं हा कुणाचा दोष नाही, पथ्य मोडल्याची शिक्षाही नाही. तो या आजाराचा स्वभाव आहे. म्हणूनच पट्टी नॉर्मल आल्याच्या दिवसापासून परत येण्याची तयारी ठेवायची.

यंत्र काय म्हणतं

अलीकडे कॉम्प्युटरला हे वाचायला शिकवलं जात आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2019 साली 1,80,922 रुग्णांच्या साडेसहा लाखांच्या आसपास ईसीजी पट्ट्या वापरून अभ्यास केला. सगळ्या पट्ट्या दिसायला ठोके ताळ्यावर असतानाच्या. डॉक्टरांच्या डोळ्यांना त्यात फारसं काही दिसत नव्हतं. तरीही कॉम्प्युटरने एकाच पट्टीवरून, या माणसाला एएफ होतं किंवा लवकरच दिसणार आहे, हे शंभरात सुमारे 79 वेळा बरोबर ओळखलं. नॉर्मल दिसणाऱ्या पट्टीतही खुणा असतात, हे यातून पक्कं झालं.

पण आमचा एक आक्षेप आहे. यंत्र शिकतं ते त्याला दाखवलेल्या माणसांवरून. मेयो क्लिनिकच्या रुग्णांत पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणारी, झडप आवळलेली तिशीतली बाई किती असणार? गुजरातमधल्या आणंदच्या खेड्यांत घरोघरी जाऊन पन्नाशीपुढच्या माणसांची अशी तपासणी झाली आहे, तशी आपल्याकडेही व्हायला हवी. आपल्या वस्त्यांच्या पट्ट्या नोंदीतच आल्या नाहीत, तर उद्याची यंत्रंही आपल्याला ओळखणार नाहीत. रायगड जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत निघणारी प्रत्येक पट्टी जपून ठेवली जावी, ही मागणी आपल्या मंडळांनी लावून धरण्यासारखी आहे.

तूर्त यंत्र नाही, पण मनगट आहे. झटका दिल्यावर किंवा औषधाने ठोके बसल्यावर आजार परत येण्याचं प्रमाण सर्वात जास्त पहिल्या महिन्यात असतं. पहिले तीन महिने जपायचे. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, एका वर्षावासाएवढा काळ. वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचनाला जमतोच. तिथे शेजारीण शेजारणीची नाडी बघू शकते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण इथे आकड्याइतकाच ठेका महत्त्वाचा आहे. एखादा ठोका चुकला तर घाबरू नका, तो निरोगी माणसाचाही चुकतो. सगळाच ठेका मोडला असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढा, धडधड चालू असतानाच. पेण आणि रोहा, दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. "उद्या कामावरून आल्यावर" म्हणून थांबलात आणि तोवर ठोके बसले, तर पुरावा गेला.

गोळी कुणाची आणि किती दिवस

ठोके ताळ्यावर आल्याबरोबर वरचा कप्पा लगेच पूर्वीसारखा आवळत नाही. झटक्यानंतर तो काही दिवस, कधी काही आठवडे, सुस्त राहतो. पट्टी नॉर्मल आणि कप्पा सुस्त, म्हणजे गुठळीला मोकळं रान. म्हणूनच ठोके बसल्यावर किमान चार आठवडे रक्त पातळ ठेवणारी गोळी प्रत्येकाला लागते. झडप आवळलेली असेल किंवा पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल, तर बहुतेक वेळा कायम लागते. पट्टी कितीही वेळा नॉर्मल येवो.

झडपेच्या रुग्णांसाठी गोळी कोणती, यावर 2022 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 24 देशांतल्या साडेचार हजार रुग्णांत नवी, तपासणी न लागणारी रिव्हारोक्सॅबान आणि जुनी वॉरफेरिनच्या जातीची गोळी यांची तुलना झाली. सोय नव्या गोळीत, पण मृत्यू कमी झाले जुन्या गोळीवर. म्हणून संधिवाती झडपेच्या रुग्णाने शेजाऱ्याला नवी गोळी मिळाली म्हणून आपली बदलून घेऊ नये. वॉरफेरिन किंवा एसिट्रॉम चालू असेल तर आयएनआर ही रक्ततपासणी ठरल्या तारखेला करायची. आकडा साधारण 2 ते 3 च्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव.

इथे आपल्या जेवणाचा संबंध येतो. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी ताटात येतात. हिरव्या पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीचा जोर कमी करतं. भाजी सोडायची नाही, ती आपल्या घरातली सर्वात स्वस्त पौष्टिक गोष्ट आहे. एक आठवडा रोज आणि पुढे महिनाभर अजिबात नाही, असं मात्र करायचं नाही. प्रमाण सारखं ठेवा, आणि रानभाज्या वाढल्या असतील तर आयएनआर काढताना तसं सांगा. अंग दुखलं म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा ब्रूफेन घेऊ नका, या गोळीबरोबर त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अमियोडॅरोन नव्याने सुरू झाली असेल तर आयएनआर वर चढतो, तेव्हा तपासणी लवकर करा. तिच्यामुळे थायरॉईड बिघडू शकतो, तो दर सहा महिन्यांनी बघावा लागतो. आणि तरुण मुलींनो, सुनांनो, दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. वॉरफेरिन पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, पण स्वतःच्या मनाने बंद केली तर आईचा जीव धोक्यात येतो. यातून वाट डॉक्टरच काढू शकतात, आणि ती निघते.

गोळ्या सुटतात त्या अडाणीपणामुळे, असं शहरातले काही डॉक्टर समजतात. आम्ही जे पाहतो ते निराळं आहे. धाटावच्या कंपन्यांत कंत्राटी कामगाराने खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाते. गणपतीच्या हंगामात कारखान्यातून सुट्टी मिळत नाही. केईएमला तपासणीला जायचं तर गाडीत आणि रांगेत सगळा दिवस जातो. एका बाईचं डिस्चार्ज कार्ड आम्ही वाचलं, तिच्यावर आयुष्यभर घ्यायच्या गोळीचं नाव बारीक इंग्रजी अक्षरांत होतं आणि तिला तोंडी कुणीच काही सांगितलं नव्हतं. तेव्हा घरी निघताना तीन प्रश्न विचारायचे, लाजायचं नाही: ही गोळी किती दिवस? पुढची तपासणी कधी? आयएनआर पेण-रोह्यात काढून आकडा फोनवर कळवला तर चालेल का? झडपेची शस्त्रक्रिया सांगितली असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तोंड एकीकडे वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, तर वारं उतरवणाऱ्याकडे नेऊ नका, तेल चोळत बसू नका. 108 ला फोन करा आणि सुरू कधी झालं ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पेण-रोह्याहून मोठ्या रुग्णालयात पोचायला लागणारा वेळ धरला, तर घरात घालवायला एक तासही उरत नाही.

राहिला कागद. आजार परत येतो आहे का, हे कळतं जुनी पट्टी नव्या पट्टीशेजारी ठेवल्यावर, आणि आपल्याकडे जुनी पट्टीच नसते. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. पत्र्याच्या घरात, चुलीच्या वरच्या फळीवर किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला की वर्षभरात फिका पडतो. काही जण हौसेने लॅमिनेट करून घेतात, तेव्हा गरम यंत्रात सगळा कागद काळा होतो. पट्टी मिळाली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो घ्या, मागे तारीख आणि त्या वेळी धडधड होती की नव्हती ते लिहा, आणि सगळ्या पट्ट्या तारखेप्रमाणे एका फाईलला लावा.